घरी बांधलेल्या विमानातला सीओ मीटर: तीन हिवाळे वापरल्यावर

दोन काडेपेट्या एकावर एक ठेवल्या तर जेवढा आकार होईल, तेवढीच ही वस्तू आहे. समोर छोटा पडदा, वरच्या अंगाला हवा आत जाण्यासाठी जाळीचं भोक, मागे क्लिप. पडद्यावर एकच आकडा दिसतो: हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे (सीओचे, इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूचे) किती भाग आहेत, म्हणजे पीपीएम. ३५ वर पहिला अलार्म, २०० वर दुसरा. अलार्म झाला की आवाज येतो, लाल दिवा लुकलुकतो आणि यंत्र थरथरतं. उड्डाणात सगळ्यात वर गेलेला आकडा ते लक्षात ठेवतं आणि बटण दाबलं की दाखवतं. बाकी काहीही नाही, आणि मला बाकी काही नकोही होतं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच जातीचे मीटर वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आतला सेन्सर साधारण एकाच पद्धतीचा असतो, त्यामुळे पुढची स्तुतीही आणि तक्रारीही या जातीला धरून समजा. मीटर घेतला तो अलार्म वाजावा म्हणून. खरा कामाला आला तो पडद्यावरचा बारीकसा, अलार्मच्या खूप खालचा आकडा. त्यासाठीच हे सगळं सविस्तर लिहितोय.

माझं विमान दोन आसनी, शेजारी-शेजारी बसायचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, मागे सरकणाऱ्या कॅनोपीचं, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाचं. किट आणून मी ते स्वतः बांधलं. चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं कार्ब्युरेटरवालं इंजिन, पोटाखाली उघडणारे दोन एक्झॉस्ट पाइप, आणि त्यांतल्या एका पाइपाभोवती हीट मफ. मफ म्हणजे स्टीलच्या पत्र्याचं वेष्टण. पाइप आणि वेष्टण यांच्या मधून ताजी हवा जाते, पाइपाच्या उष्णतेने तापते आणि फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या, झडपेतून कॉकपिटमध्ये येते. आपल्या पायांना ऊब देणारी हवा आणि एक्झॉस्टचा विषारी वायू यांच्यामध्ये एका पातळ पत्र्याचं अंतर असतं. बांधताना हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि अंगावर येणं यांत फरक पडतो.

पहिले चौतीस तास मी पॅनेलवर चिकटवायच्या कार्डावर काढले. या कार्डाच्या मधोमध नारिंगी ठिपका असतो, सीओ लागला की तो काळपट पडतो. माझा ठिपका नारिंगीच होता. थंडीतल्या उड्डाणांनंतर मात्र डोकं जड व्हायचं. कपाळाच्या आतून कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटायचं. मी दोष हेडसेटच्या पट्टीला दिला, ती सैल केली. मग चष्म्याला दिला. शंका नको म्हणून एकदा वर असताना बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला, आकडा आला ९७. मी निश्चिंत झालो.

ऑक्सिमीटरने मला साफ फसवलं, म्हणून त्याबद्दल जरा थांबून सांगतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताचा रंग पाहतो. सीओ चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटलेल्या हिमोग्लोबिनसारखंच लाल दिसतं, आणि दोन्ही मिळून तो एकच छान आकडा दाखवतो. सीओची हिमोग्लोबिनला चिकटायची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त असते. एकदा चिकटला की सुटतही नाही लवकर. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. सकाळी एक उड्डाण आणि दुपारी दुसरं केलं, तर दुपारी तुम्ही सकाळचा साठा घेऊनच वर जाता. उंचीवर ऑक्सिजन आधीच विरळ, त्यात हे.

हँगरमधल्या शेजाऱ्याने माझ्या डोकेदुखीचं ऐकून आपला मीटर हातात ठेवला. म्हणाला, “दादा, एक चक्कर मारून या याच्यासोबत.” चढाईत आकडा ४२ झाला आणि मांडीवर ठेवलेलं यंत्र थरथरायला लागलं. पॅनेलवरचा ठिपका त्या क्षणीही नारिंगीच होता. मी हीटर बंद केला, दोन्ही बाजूंचे व्हेंट, म्हणजे ताज्या हवेचे झरोके, पूर्ण उघडले, वळलो आणि उतरलो. स्वतःचा मीटर त्याच आठवड्यात मागवला.

कार्डाची बाजूही सांगतो. ताजं असेल, पाकीट फोडल्याची तारीख लिहिलेली असेल आणि वैमानिक दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे पाहत असेल, तर त्याचा उपयोग आहे. माझ्या कार्डावर तारीख लिहायची जागा होती आणि ती मी कोरी ठेवली होती. अशा कार्डाचं आयुष्य पाकीट फोडल्यापासून सुरू होतं आणि ते फार मोठं नसतं. साफसफाईच्या रसायनांच्या वाफांनीही ते निकामी होतं. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. सीओ सगळ्यात आधी लक्ष देण्याची ताकदच खातो, आणि कार्डाला नेमकं तेच लक्ष हवं असतं.

अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने २०२२ साली बंद केबिनच्या पिस्टन इंजिनाच्या विमानांत सीओ डिटेक्टर सक्तीचा करा अशी शिफारस केली. तेव्हा त्यांनी १९८२ ते २०२० मधले सीओच्या विषबाधेचे ३१ अपघात मोजले होते. त्यांतल्या २३ अपघातांत ४२ माणसं गेली. या ३१ विमानांपैकी फक्त एकात डिटेक्टर सापडला, आणि तोही आवाज किंवा दिव्याने आपणहून इशारा देणारा नव्हता. २१ जानेवारी २०१९ ला इंग्लिश खाडीत पडलेल्या पायपर मालिबू विमानातल्या फुटबॉलपटू एमिलियानो सालाच्या रक्तात ५८ टक्के हिमोग्लोबिनला सीओ चिकटलेला आढळला. त्या विमानातही इशारा देणारा डिटेक्टर नव्हता. त्याआधी, १९९७ च्या डिसेंबरात, अमेरिकेत एक वैमानिक आपल्या कोमांची विमानात झोपी गेला. विमान ऑटोपायलटवर इंधन संपेपर्यंत उडत राहिलं आणि मग आपोआप एका गवताच्या शेतात उतरलं. तो वाचला. मालिबू आणि कोमांची, ही दोन्ही विमानं कारखान्यात बनलेली होती. माझ्या विमानाच्या फायरवॉलला पडलेलं प्रत्येक भोक माझ्या हाताने पाडलेलं आहे.

मीटर आला आणि शोध सुरू झाला. तो जवळजवळ दोन महिने चालला. माझी पुतणी त्या दिवसांत सुट्टीवर होती. ती उजव्या आसनावर वही घेऊन बसायची. वहीत रकाने: चढाई की सरळ उड्डाण, मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) रिच की लीन, म्हणजे इंधन जास्त की कमी, हीटर उघडा की बंद, व्हेंट, फ्लॅप (सावकाश उडताना सोडायच्या पंखांच्या मागच्या झडपा), मीटर कुठे ठेवलाय, आणि शेवटी आकडा. दोन उड्डाणांच्या मध्ये एकच गोष्ट बदलायची, हा नियम तिनेच घातला. माझी घाई व्हायची, एका दिवसात तीन भोकं बुजवून टाकावीत असं वाटायचं, आणि ती ऐकायची नाही. “काका, मग कशाने कमी झालं ते कसं कळणार?” तिचं बरोबर होतं.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट झाली. हीटर उघडा असो की बंद, आकड्यात फरक पडत नव्हता. म्हणजे त्या वेळी तरी मफ निर्दोष होता आणि वायू दुसरीकडून येत होता. चढाईत ३८, सरळ उड्डाणात लीन केल्यावर १४, फ्लॅप सोडून सावकाश उडताना २४. रिच मिक्श्चरवर एक्झॉस्टमध्ये काही टक्के सीओ असतो. पाच टक्के धरला तर ते होतात ५०,००० पीपीएम. कॉकपिटमध्ये ४० पीपीएम व्हायला एक्झॉस्टचा एक भाग साडेबाराशे भाग हवेत मिसळला की पुरे. हे गणित मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडलं आणि मग छोट्या भोकांकडे पाहायची माझी नजरच बदलली. ज्या फटीतून वारा लागतोय हेही जाणवणार नाही, तेवढी फट पुरते.

मग तिने एक साधी गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. मीटर पॅनेलवरून काढून तिने आसनांच्या मागे, सामानाच्या कप्प्यात, शेपटीकडच्या पडद्याला, म्हणजे कप्पा आणि शेपटीची पोकळी यांच्यामधल्या आडपडद्याला, अडकवला. तशाच सरळ उड्डाणात, तशाच लीन मिक्श्चरवर तिथला आकडा आला ३१. पॅनेलजवळ १४ आणि पाठीमागे ३१. इंजिन पुढे आहे म्हणून आम्ही सगळा वेळ पुढे शोधत होतो, आणि वायू मागून येत होता.

कारण समजून घेतलं तर हे सरळ आहे. कॅनोपीच्या उंचवट्यावरून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, आणि कॅनोपीच्या फटींतून आतली हवा बाहेर ओढली जाते. कॉकपिटमधला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राहतो. गेलेल्या हवेची भरपाई म्हणून जिथे वाट मिळेल तिथून हवा आत येते. एक्झॉस्ट पोटाला चिकटून, पत्र्यालगतच्या संथ थरातून मागे वाहत जातो, आणि पोटावरचं किंवा शेपटीतलं प्रत्येक भोक त्याला आत ओढतं. माझ्या विमानात एलिव्हेटरची, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या भागाची, दांडी शेपटीत जिथे शिरते तिथे हाताचा पंजा जाईल एवढी जागा होती. तिथून आलेली हवा शेपटीच्या पोकळीतून पुढे, सामानाच्या पडद्याच्या कडेने थेट आमच्या मानेवर.

पडद्याच्या चारी कडांना आम्ही फेल्टची पट्टी लावली, वायरी आणि केबल जिथून जातात तिथे रबरी बूच बसवले. एलिव्हेटरच्या दांडीला मऊ कातड्याचा बूट, म्हणजे दांडी हलू देणारी पण भोक झाकणारी पिशवी, शिवून बसवला. कंट्रोल कुठेही अडत नाही ना, हे पूर्ण हालचालीभर दोघांनी वेगवेगळं तपासलं. असलं काम कोणी करणार असेल तर हा भाग जरासुद्धा घाईने करू नये. गळती थांबवताना एलिव्हेटर अडकला तर त्याला काय अर्थ. फ्लॅपच्या दांड्यांनाही तसेच बूट. कॅनोपीच्या मागच्या कडेला ब्रशची पट्टी. प्रत्येक कामानंतर एक उड्डाण, एक आकडा. पाठीमागचा ३१ आधी १७ झाला, मग ११.

पुढच्या बाजूची तपासणी रात्री केली. हँगरचे दिवे घालवले, काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढलं, पुतणी कॉकपिटमध्ये बसली आणि मी कॅनोपीवर जाड पांघरूण टाकलं. मग इंजिनाच्या बाजूने प्रखर दिवा फायरवॉलच्या पत्र्यावर हळूहळू फिरवला. बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला, “काका, थांबा. इथे चांदणी दिसतेय.” थ्रॉटलची केबल जिथून जाते तिथल्या बुचाला टाचणीच्या टोकाएवढी फट होती. दुसरी चांदणी सापडली खालच्या कोपऱ्यात, जिथे फायरवॉल पोटाच्या पत्र्याला मिळते. तिथे तर मी सीलंट लावल्याचं मला पक्कं आठवत होतं. लावलंही होतं, पण वरून. खालून रिव्हेटच्या दोन डोक्यांमध्ये पत्रा किंचित उचललेला होता. दिवसा हजारदा पाहून हे दिसलं नसतं.

फायरवॉलवर बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. आग लागली तर ते जळतं, धूर कॉकपिटमध्ये येतो आणि भोक पुन्हा मोकळं होतं. आगरोधक सीलंटच हवं. केबलच्या भोकांना स्टेनलेस स्टीलचे बूच, आणि वायरींच्या जुडग्यावर आगरोधक बाही.

शेवटचं काम एक्झॉस्ट पाइपांचं. ते पोटाच्या फार जवळ संपत होते. ७५ मिलिमीटरने लांब करून त्यांचं तोंड किंचित खाली वळवलं, म्हणजे वायू पत्र्यालगतच्या थराच्या बाहेर पडेल. पाइप लांब झाला की त्याची थरथर वाढते, म्हणून आधाराच्या पट्ट्या पुढे सरकवाव्या लागल्या. यानंतर चढाईत आकडा ४ आणि सरळ उड्डाणात ०. पाठीमागेही २ च्या वर नाही. माझी डोकेदुखी त्या हिवाळ्यात पुन्हा आली नाही.

इथपर्यंतचं काम मीटरशिवाय झालंच नसतं, आणि निव्वळ अलार्म देणाऱ्या यंत्राने तर अजिबात नाही. घरात भिंतीवर लावायचा डिटेक्टर विमानात ठेवणारेही मी पाहिले आहेत. अमेरिकेत घरगुती डिटेक्टरसाठी यूएल २०३४ हे प्रमाण आहे. त्यानुसार ७० पीपीएमला तो एक तास ते चार तास या मुदतीत वाजायचा असतो, आणि ३० च्या खालचे आकडे तो दाखवतच नाही. झोपलेल्या कुटुंबाला विनाकारण उठवू नये म्हणून ते ठीक आहे. विमानात तासाभराने वाजणारी घंटा काय करायची? तुलनेसाठी, कारखान्यात बनणाऱ्या लहान विमानांच्या केबिनसाठी अमेरिकेच्या नियमांत मर्यादा होती वीस हजारात एक भाग, म्हणजे ५० पीपीएम. घरी बांधलेल्या विमानाला तो नियम लागू नव्हता, पण आपल्या फुप्फुसाला हा फरक कळत नाही. त्यामुळे मीटर घेताना पहिली गोष्ट ही पाहा की तो १, २, ३ असे आकडे दाखवतो का. काही मीटर लहान आकडे गाळून थेट शून्य दाखवतात. तसला घेऊ नका.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत.

आवाज कॉकपिटमध्ये ऐकू येत नाही. घरात टेबलावर वाजला तर दचकायला होतं. पण चालू इंजिन आणि कानावर आवाज दाबणारा हेडसेट असताना मला तो एकदाही ऐकू आला नाही. थरथर कळते, पण यंत्र अंगाला असेल तरच. पॅनेलवर लावलं तर कळत नाही. मी ते खांद्याच्या पट्ट्यावर, कॉलरच्या हाडाजवळ अडकवतो. तिथे थरथर जाणवते आणि नाकासमोरची हवाच मोजली जाते. पण मग पडदा वाचायला मान वाकवावी लागते. दोन्ही एकदम साधत नाही. हेडसेटमध्येच सीओ सेन्सर असलेले प्रकार मिळतात, आणि पॅनेलमध्ये बसून इंटरकॉमवर इशारा देणारेही. इशाऱ्यासाठी ते निःसंशय बरे. शोधासाठी मात्र हातात धरून कोपऱ्याकोपऱ्यात नेता येणारंच यंत्र हवं.

थंडीत पडदा मंद होतो. आकडा बदलताना जुना आकडा क्षणभर पुसट मागे राहतो आणि ८ आहे की ३ ते कळत नाही. प्रकाशाचं बटण हातमोज्यातून दाबलं जात नाही. क्लिपची स्प्रिंग सैल आहे, म्हणून मी मीटरला दोरीही बांधली आहे. सुटा मीटर रडरच्या पेडलखाली गेला तर काय होईल याचा विचारही करवत नाही.

सेन्सरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आत आम्लाचा ओलावा आणि इलेक्ट्रोड असतात. सीओ तिथे पोचला की त्याचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो, तोच मोजला जातो. पण हायड्रोजन आणि अल्कोहोलची वाफ यांनाही असा सेन्सर थोडाफार दाद देतो. एकदा इंजिन बंद, विमान उभं, आणि आकडा एकदम २० वर गेला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. पुतणीने नुकताच हाताला सॅनिटायझर चोळला होता आणि त्याच हाताने मीटर उचलला होता. पाच मिनिटांत आकडा खाली आला. तेव्हापासून मीटर नेहमी मोकळ्या हवेत चालू करायचा, शून्य येतो का पाहायचा, मगच कॉकपिटमध्ये न्यायचा. वर्षातून दोनदा मी १०० पीपीएमच्या कॅलिब्रेशन गॅसने, म्हणजे सीओचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या वायूने, तपासतो. मागच्या वेळी ९६ दाखवला. सेन्सर हळूहळू म्हातारा होतो आणि काही वर्षांनी संपतो. ती तारीख मी मागे मार्करने लिहून ठेवली आहे. कार्डाच्या वेळी केलेली चूक पुन्हा नाही.

हा मीटर मी कधीच परत का देणार नाही, ते आता सांगतो. तिसरा हिवाळा, विमानाचे दीडशेच्या आसपास तास झालेले. सरळ उड्डाण, लीन मिक्श्चर, हीटर उघडा. पडद्यावर ६.

सहा म्हणजे काहीच नाही. अलार्म ३५ ला. सहा पीपीएमने माणसाला काही होत नाही, वाहत्या रस्त्याकडेलाही कधी तेवढा असतो. पण या विमानात, या स्थितीत, वर्षभर तिथे शून्य होता. मी हीटर बंद केला. दोन-तीन मिनिटांत ६ चे ३ झाले, मग ०. पुन्हा उघडला. ४, ५, ६, ७. यापूर्वी हीटरने आकड्यात कधीच फरक पडला नव्हता. वहीत ते लिहिलेलं होतं, पहिल्या दिवसाच्या पानावर, पुतणीच्या अक्षरात. हीटर बंद ठेवला, व्हेंट उघडले, थंडीने कुडकुडत घरी आलो.

काउलिंग काढून मफ उघडला. वरवर पाइप ठीक दिसला. मग व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट, हवा फेकणाऱ्या बाजूला लावली, एक्झॉस्टच्या तोंडाशी कापडाने गुंडाळून बसवली आणि पाइपात हलकी हवा भरली. सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी. जिथे सरकते सांधे आहेत तिथे थोडे बुडबुडे आले, ते अपेक्षित होतं, कारण असे सांधे थंड असताना थोडे सोडतातच, आणि ते मफच्या बाहेर आहेत. मग मफच्या आतल्या भागात, वेल्डच्या कडेला, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक सरळ ओळ उमटली. नखाएवढ्या लांबीची. पुसली, पुन्हा लावलं, पुन्हा तीच ओळ, तिथेच. फडक्याने पाणी टिपून भिंगातून पाहिलं तेव्हा कुठे केसासारखी भेग दिसली, आणि तिच्या काठाला राखाडी-पांढरट भुकटीची पुसट रेघ. भेग रोज उघडमीट करत होती, पाइप तापला की मोठी होत होती.

पाइपाचा तो तुकडा मी दुरुस्त केला नाही, बदलला. वेल्डच्या कडेला एकदा भेग पडली की तिथला पत्रा थकलेला असतो, आणि मफच्या आत, जिथे मला रोज दिसत नाही तिथे, मला थकलेला पत्रा नको. एक्झॉस्टच्या आधाराची एक पट्टी जास्त ताठ होती. पाइप लांब केला तेव्हा ती मीच बसवली होती. ती बदलून थोडी हालचाल देणारी बसवली. आता दर पन्नास तासांनी मफ उघडतो, दिसो न दिसो. आणि माझे आकडे आता अलार्मच्या आकड्यांपेक्षा बरेच खाली ठरलेले आहेत. सरळ उड्डाणात नेहमीच्या शून्यापासून कायम ढळणारा कुठलाही आकडा म्हणजे उतरल्यावर काउलिंग काढायचं. १० झाला तर हीटर बंद, व्हेंट उघडे आणि परत फिरायचं. त्यावर गेला तर जवळची धावपट्टी, आणि उतरल्यावर डोकं जड असेल तर डॉक्टरकडे जाऊन सीओ असा शब्द स्पष्ट उच्चारायचा, म्हणजे ते बोटाच्या ऑक्सिमीटरवर न थांबता रक्ताची योग्य तपासणी करतील.

एक वारंवार विचारला जाणारा प्रश्न: वर असताना कॅनोपी थोडी उघडली तर? माझ्या विमानात दोन इंच उघडून पाहिली होती, शोधाच्या दिवसांत. आकडा कमी होण्याऐवजी वाढला, कारण ओढ वाढली. समोरून ताजी हवा आत ढकलणारे व्हेंट उघडले की मात्र तो दरवेळी खाली येतो. प्रत्येक विमानाचं वेगळं असू शकतं, म्हणून संकटाच्या वेळी प्रयोग करण्यापेक्षा चांगल्या दिवशी, सोबत माणूस असताना, आपल्या विमानाचा स्वभाव मीटरने पाहून ठेवावा. जमिनीवरही हे पाहा. मागून वारा असताना उभं राहून इंजिन तपासलं तर उघड्या कॅनोपीतून माझ्याकडे ६० पर्यंत आकडा जातो. म्हणून आता इंजिन तपासायला मी नाक वाऱ्याकडे करूनच उभा राहतो.

मीटरला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण आवाजासाठी कापला, कारण विमानात ऐकूच येत नसेल तर तो आवाज नाही. पुढच्या वार्षिक तपासणीत पॅनेलमध्ये बसणारा आणि इंटरकॉमवर बोलणारा डिटेक्टर बसवतोय. हा हातातला मीटर तरीही विमानातच राहणार. त्याच जातीचा दुसराही मागवला आहे, तो खांद्याच्या पट्ट्यावर असेल. जुना सामानाच्या कप्प्यात, शेपटीकडच्या पडद्यावर, जिथे पुतणीने तो पहिल्यांदा अडकवला होता तिथेच, दोरीने बांधून.